धम्मपाल वायरमन आणि घरगाडीतला देव

कुंभार पिंपळगावात अशी कुजबुज होती की धम्मपाल वायरमननं काकासाहेबांच्या घरगाडीतला देव उपटून नेला. नुसता नेला नाही, चांदीच्या डोळ्यांसकट नेला. काकासाहेबांच्या शेजारच्या गोजरबाईंच्या मते तर तो देव अजूनही त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पक्कड आणि टेस्टरच्या मधोमध बसलेला असतो आणि म्हणूनच हल्ली त्याला कुठल्याही मोटारीचा फॉल्ट हात लावल्याबरोबर सापडतो. ज्यांचा धम्मपालवर राग होता त्यांनी त्याला देवचोर म्हटलं. ज्यांची मोटार जळालेली होती त्यांनी आधी मोटार भरून घेतली आणि मग देवचोर म्हटलं.

धम्मपालचं दुकान स्टँडच्या वळणावर. पत्र्याचं, आत माणूस उभा राहिला तर डोकं पंख्याला आणि बसला तर कंबर वाईंडिंगच्या तारेला लागणार. पाटीवर ‘अक्षता मोटार रिवाइंडिंग’. अक्षता म्हणजे त्याची बायको. पाटीवर नाव आलं म्हणून ती दुकानात लक्ष घालते, की लक्ष घालते म्हणून नाव द्यावं लागलं, यावर समोरच्या चहाच्या टपरीवर दोन मतं आहेत. दोन्ही मतं अक्षताच्या कानावर गेलेली आहेत. ती नुसती हसते, त्यामुळे प्रश्न सुटलेला नाही.

धम्मपालची काम करायची तऱ्हा पाहायला माणसं थांबत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला, मूठ कानाला, डोळे गच्च मिटलेले. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग डोळे उघडून म्हणणार, “बेरिंग गेलीय,” किंवा “तुमच्या मोटारीला काही न्हाई झालं, तुम्ही स्टार्टर बदला.” आणि बरोबर तेच निघायचं. त्याचं सगळं ज्ञान एका वाक्यात होतं: करंट गेला तर परत आलाच पाहिजे, कुठून परत येतो तेवढं शोधा. अठरा वर्षांत त्याच्या दुकानातून एकही वस्तू ‘नाही जमलं’ म्हणून परत गेली नव्हती. याच्यापलीकडे त्याच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. घनसावंगीपासून गोदाकाठापर्यंत त्याचं नाव होतं ते एवढ्याच्याच जोरावर, आणि तो ते नाव इस्त्रीच्या शर्टासारखं जपायचा.

त्या शर्टावर डाग पडायची वेळ आणली काकासाहेबांनी.

काकासाहेब एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं लाल गाडी हाकून घरी बसले, पण पाय काही केल्या जमिनीवर टिकेनात. खाटेवर बसले तरी उजवा पाय दाबत राहायचे. सहा वर्षांपूर्वी नांदेडकडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिची जुनी मिनीबस त्यांनी उचलून आणली. कलावंत गावोगाव फिरताना त्यातच राहायचे, म्हणून आत दोन पलंग, स्वयंपाकाचा बारका ओटा, बेसिन, पाण्याचा पंप, पंखे, टीव्ही, गाण्यांचा डेक, अँप्लिफायर, माइक आणि टपावर दोन भोंगे. गाव तिला घरगाडी म्हणायला लागलं. सगुणाबाई, म्हणजे काकासाहेबांची बायको, त्या दिवशी गाडीला ओवाळताना म्हणाल्या होत्या, “तीस वरीस दुनियेला फिरवलं. आता मला समुद्र दाखवा.”

समुद्र राहिला बाजूला, घरगाडी सहा वर्षांत तीर्थपुरीच्या पुढं गेली नाही. इंजिन झकास होतं. अडचण आतल्या घराची होती. ओट्यावरचा दिवा लावला की पंखा मंद व्हायचा. बेसिनचा पंप सुरू केला की टीव्ही लागायचा. काकासाहेबांनी ब्रेक दाबला की मागं ओट्यावरचा दिवा पेटायचा, आणि सोडला की डेकमधली बाई रडवेल्या आवाजात एक ओळ म्हणून गप्प व्हायची. रात्री वस्तीला थांबावं तर दिवा नाही, पाणी नाही, पंखा नाही. असल्या गाडीत कोण जाणार समुद्राला?

सगुणाबाईंनी यंदा मात्र निर्वाणीचं सांगितलं. अमावास्या झाली की सोमवारी निघायचं; नाहीतर त्या एसटीनं एकट्या जाणार, आणि ते सगळ्या गावाला सांगून जाणार. काकासाहेब धावत दुकानात आले.

“धम्मा, बारा दिवस हायेत. तुला जमतं का बोल. न्हाईतर तीर्थपुरीचा राधेश्याम हाय. तो मशीन लावतो म्हणं, कॉम्प्युटरवर फॉल्ट दिसतो.”

“काका, मी कवा कोणाला न्हाई म्हणलोय का?”

“तसं न्हाई. पण ही मोटार न्हाई, गाडी हाय.”

“करंट तोच हाय ना?” धम्मपाल म्हणाला.

या वाक्यापायी तो पुढं बारा दिवस पस्तावला.

पहिल्या दिवशी त्यानं फ्यूज पाहिले. त्याच दिवशी संध्याकाळी घराची बॅटरी काढून दुसरी लावली. गाडीची बॅटरी पुढं इंजिनापाशी आणि घराची वेगळी, मागच्या पलंगाखाली. नवी बॅटरी लावल्यावर एवढाच फरक पडला की डेकमधली बाई एका ओळीऐवजी दोन ओळी म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. पंपाला लावला तर टीव्हीतली बातमी ऐकू आली. टीव्हीला लावला तर पंपाची घरघर. त्यानं डोळे उघडले ते बराच वेळ उघडेच राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यानं शेतातला उपाय केला. इकडे शेतावर न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वाट, गायब झाला की माणसं काय करतात, हे वीज खात्याच्या साहेबांनी वाचू नये. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, तिलाच न्यूट्रल मानायचं आणि रोज बादलीभर पाणी घालायचं. माती ओली तर करंट खुशीनं परत जातो. धम्मपालनं लिंबाखाली उभ्या घरगाडीच्या शेजारी अशी सळई ठोकली, गाडीच्या लोखंडाला तारेनं जोडली आणि पाणी घातलं. काकासाहेब कमरेवर हात ठेवून पाहत होते.

“धम्मा, गाडी निघाल्यावर हा खुट्टा संगं ओढत न्यायचा का?”

“ट्रायल हाय काका.”

“न्हाई, म्हैस बांधल्यासारखी दिसून राह्यली, म्हणून इचारलं.”

फरक काहीच पडला नाही. गोजरबाईंचं घर लिंबाच्या पलीकडे. त्यांनी मात्र गावभर सांगितलं की काकासाहेबांची गाडी पळू नये म्हणून वायरमननं तिला दावं लावलंय.

धम्मपाल गोंधळला की खडूनं लिहायचा. दुकानात भिंत होती. इथं त्यानं गाडीच्या पत्र्यावरच लिहायला सुरुवात केली. ‘पंप दाबला, टीव्ही. ब्रेक, दिवा. हॉर्न, पंखा उलटा?’ शेवटचं प्रश्नचिन्ह फार मोठं होतं. येणारे-जाणारे थांबून वाचायचे आणि आपापली भर घालायचे. कोणीतरी खाली लिहून गेलं, ‘सगुणाबाई ओरडल्या, काका गप्प.’ धम्मपालनं ते पुसलं नाही, कारण तेही खरं होतं.

त्याला सगळ्यांत जास्त छळत होती एक काळी वायर. घराच्या बॅटरीच्या उणे टोकापासून निघालेली, अंगठ्याएवढी जाड. हीच परतीची वाट. ती पलंगाखाली फळ्यांमध्ये घुसायची आणि तिथून पुढं गायब. तो गाडीखाली आडवा झाला, चेसीस हातानं चाचपला. कुठंच बाहेर आलेली नाही. फळ्या उचकायला काकासाहेब तयार नव्हते. सागवानी आहेत, म्हणाले. वायर गाडीत शिरते आणि गाडीतून बाहेर पडत नाही, हे धम्मपालनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग आला शनिवार. सकाळी आठ वाजता काकासाहेब ओरडतच दुकानात आले, “चालू झालं!” धम्मपाल पळत गेला. खरंच. पंप लावला तर पंपच चालला. टीव्ही लावला तर टीव्हीच. पंखा वाऱ्यासारखा. धम्मपालला कळेना, पण माणसं पाठीवर थाप मारत होती, तेव्हा त्यानं पाठ पुढं केली. आदल्या दिवशी दोन जोडण्या आवळल्या होत्या. त्यातलीच एखादी लागली असेल. अक्षतानं त्या दिवशी पुरणाचा बेत केला.

दुपारी तीनला पंप दाबला आणि टीव्ही लागला.

अक्षता म्हणाली, “खाल्लेलं पुरण परत मागू का?”

बाजाराच्या दिवशी तर हद्द झाली. गावात पालं पडलेली, माणसांची गर्दी, भाजीवाल्यांचा आरडाओरडा. धम्मपाल पलंगाखाली डोकं घालून बसलेला. ओट्यापाशी काकासाहेब आणि सगुणाबाई यांची नेहमीची बोलाचाली चाललेली. सगुणाबाईंनी हात धुवायला पंप दाबला. टीव्ही लागला नाही. म्हणून धम्मपालला क्षणभर बरं वाटलं. लागला होता अँप्लिफायर. माइक ओट्यावरच्या खुंटीला टांगलेला होता, आणि टपावरचे दोन्ही भोंगे बाजाराकडे तोंड करून होते.

भोंग्यातून सगुणाबाई कडाडल्या, “तीस वरीस एसटी चालवली! एकदा तरी मला फुकट नेलं का? माहेराला जाताना बी तिकीट फाडायला लावायचे! नवरा ड्रायव्हर आन् मी लाइनीत!”

मागून काकासाहेबांचा बारीक आवाज आला, “अगं, कंडक्टरसमोर बरं दिसत न्हाई.”

“कंडक्टरसंगं संसार केला का माझ्यासंगं?”

बाजारात मिरच्या तोलणाऱ्याचा तराजू तसाच अधांतरी राहिला. भोंग्यात प्रतिध्वनीचं यंत्र होतं, ऑर्केस्ट्राचंच. त्यामुळे ‘माझ्यासंगं’ हे शेवटचं तीन वेळा ऐकू आलं. गोजरबाई कोथिंबीर टाकून गाडीपाशी पळत आल्या, कारण भोंग्यातून सगळं नीट ऐकू येत असलं तरी तोंडं दिसत नव्हती. धम्मपालनं तार ओढून भोंगे बंद केले, पण व्हायचं ते झालं होतं. सगुणाबाई चार दिवस बाजारातल्या बायकांमध्ये वाघीण म्हणून फिरल्या. काकासाहेब चार दिवस फिरलेच नाहीत. आणि धम्मपालला टपरीवर जो तो विचारायला लागला, “वायरमन, पुढचा कार्यक्रम कवा?”

त्याला ते लागलं. हसण्यात राग नव्हता, पण त्यात एक नवीनच गोष्ट होती: पहिल्यांदाच लोक गृहीत धरून बोलत होते की याला जमणार नाही. एकानं तर सरळ सांगितलं, “राधेश्यामला फोन करा, काका. ह्याचं काम मोटारीपुरतं.” अठरा वर्षांत हे वाक्य कोणी त्याच्या देखत बोललं नव्हतं.

दुसरा शनिवार आला तो अमावास्या घेऊनच. आणि सगळं परत चालू झालं. यावेळी धम्मपालनं काहीच आवळलेलं नव्हतं.

काकासाहेबांनी त्याला हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटपाशी नेलं. सीटच्या डाव्या अंगाला, इंजिनाच्या फुगवट्याशेजारी, त्यांचा देव होता. मुठीएवढा, गोल, शेंदराचे थरावर थर चढलेला, दोन चांदीचे डोळे लावलेला. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ड्रायव्हरनं बसवलेला. त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. काकासाहेब त्याला मारुती म्हणायचे, सगुणाबाई म्हसोबा. देवानं दोन्ही नावांना आक्षेप घेतलेला नव्हता. दर शनिवारी तांब्याभर पाणी, मग तेल आणि शेंदूर. अमावास्येला देवाच्या कडेच्या लोखंडावर नारळ फोडून त्याचं पाणी देवावर. काकासाहेबांचा हा नेम सहा वर्षांत चुकला नव्हता, पण आंघोळीनंतर लगेच मागं जाऊन पंप-टीव्ही लावून पाहायचं कारण मात्र कधी पडलं नव्हतं.

“बघ,” काकासाहेब हळूच म्हणाले, “नारळ फुटला आन् टीव्ही लागला. मागच्या शनवारी बी आंघोळ घातली तवाच लागल्ता. तुझ्या टेस्टरला जमंना ते देवाला जमलं. तुझा इस्वास न्हाई, मला म्हाईत हाय. पण बघ.”

धम्मपालनं पाहिलं. तो बौद्ध. घरात वडिलांनी शेंदराचा दगडच काय, अंगाऱ्याची पुडीही येऊ दिली नव्हती. काकासाहेब त्याला रामराम घालायचे, तो जयभीम म्हणायचा, आणि पंचवीस वर्षांत दोघांपैकी कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे देवाची थट्टा करायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याला खुपत होतं ते वेगळंच. काकासाहेब खोटं बोलत नव्हते. शनिवारी चालतं. अमावास्येला चालतं. दुपारी हळूहळू बंद पडतं. हे त्यानं स्वतःच खडूनं लिहिलेलं होतं. लिहिलेलं खोटं कसं म्हणणार?

घरी अक्षता म्हणाली, “मंग आता काय, दुकानात बी नारळ ठेवायचा का एक? गिऱ्हाइकाला सांगायचं, मोटार भरून देऊ का फोडून देऊ?”

“हसू नको. मला काही समजून न्हाई राह्यलं.”

“ते दिसून राह्यलं,” ती म्हणाली, आणि मग खरंच हसली नाही.

रविवारी सकाळी तो शेतात गेला. त्याची आई कौसल्या कापसाच्या कडेच्या झोपडीत राहते. गावात जीव घुसमटतो म्हणते. झोपडीत अंधार आणि बल्ब पेटलेला की विझलेला, ते हात लावल्याशिवाय कळणार नाही इतका मंद.

“गावाच्या मोटारी नीट करून राह्यलास,” कौसल्या म्हणाली, “आन् आईच्या बल्बला दोन दिसांपासून कोणी पाणी घालंना.”

तिनं बादली उचलली आणि झोपडीमागच्या सळईवर रिकामी केली. माती चर्र करून प्यायली. आत बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला.

धम्मपाल दारात उभा होता. तो बल्बकडे पाहत राहिला. मग सळईकडे. मग परत बल्बकडे.

“आई,” तो म्हणाला, “कोरडं पडलं की बंद.”

“मंग? हे आज समजलं का तुला?”

“आन् वलं झालं की चालू.”

“अरं, बरा हाएस ना?”

तो तसाच मोटारसायकलवर बसून घरगाडीकडे निघाला. वाटेत दोनदा थांबला. पहिल्यांदा थांबला तो खात्री करायला: पाणी कुठं पडतं? देवावर. करंट परत कुठून जातो? जिथं पाणी पडल्यावर चालू होतं, तिथून. म्हणजे ती काळी वायर फळ्यांखालून पार पुढं, ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेलेली असणार, आणि तिथं गाडीच्या लोखंडाला ज्या बोल्टनं कसलेली असणार, त्या बोल्टाचं डोकं वर आलेलं असणार. मुठीएवढं नसेल. पण तेलाचे आणि शेंदराचे इतक्या वर्षांचे थर चढले की होईल.

दुसऱ्यांदा थांबला तो घाबरून. फॉल्ट सापडला होता, पण बोलायचा कोणाला? ‘काका, तुमचा देव खरवडतो, त्याच्या खाली बोल्ट हाय’ हे वाक्य त्यानं मनात चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. चारही तऱ्हांनी त्याला बाजार दिसला, आणि बाजारातली माणसं दिसली. राधेश्यामनं हे वाक्य म्हटलं असतं तर एक भांडण झालं असतं. त्यानं म्हटलं तर काय होईल हे त्याला सांगायची कोणाला गरज नव्हती. आणि न बोलावं, तर उद्या सोमवार. गाडी निघणार नाही, आणि गावात एकच गोष्ट उरेल: धम्मपालला जमलं नाही.

काकासाहेब घरी नव्हते. तीर्थपुरीला पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते. सगुणाबाई एकट्याच गाडीत डबे लावत होत्या. लोणचं, चटण्या, आणि समुद्राचं पाणी भरून आणायला एक रिकामी बाटली.

“ये वायरमन. उद्या काय मंग? एसटी का घरगाडी?”

धम्मपाल थेट ड्रायव्हरच्या सीटकडे गेला. त्यानं सीटपाशी अंथरलेली रबरी चटई उचलली. चटईखाली फळी संपून पत्रा सुरू होत होता, आणि फळीच्या कडेतून ती काळी जाड वायर बाहेर आलेली होती. वीतभर गेली आणि शेंदरात शिरली. त्यानं टेस्टरनं लांबूनच दाखवलं. हात लावला नाही.

सगुणाबाई खाली वाकल्या. चष्मा पुसला, परत वाकल्या.

“ही कशाची?”

“घराच्या बॅटरीची, काकू. बारा दिवस हीच धुंडून राह्यलो.”

“देवाच्या पोटात गेली का काय?”

“काकू, मला काही म्हणायचं न्हाई. वायर कुठं जाती तेवढं दाखवलं.”

“आन् वर पाणी पडलं की चालती?”

“व्हय.”

“म्हणून शनवारी.”

“व्हय.”

त्यांनी वायर बोटानं देवापर्यंत चाचपली. मग धम्मपालकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरची भीती त्यांना दिसली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तुझ्या काकाला देव पाहिजे. मला समुद्र पाहिजे. सहा वरीस झाले,” त्या म्हणाल्या. “तू असं कर, स्टँडवर जाऊन चहा पिऊन ये. सावकाश पी. दोन पी.”

धम्मपालनं टपरीवर दोन चहा घेतले आणि दोन्ही थंड केले. लोकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, वायरमन, काय झालं? तो म्हणाला, काही समजून न्हाई राह्यलं. हे मात्र तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

परत आला तेव्हा सीटपाशी देव नव्हता. जागा ओल्या फडक्यानं पुसलेली होती. मधोमध एक जुनाट बोल्ट, गंजून हिरवा-तांबडा झालेला, आणि त्याच्या गळ्याभोवती वायरीच्या टोकाचं कडं, ढिल्लं. सगुणाबाई मागं ओट्यापाशी पाठमोऱ्या बसून शेंगा फोडत होत्या. त्यांच्या नखांत तांबडं होतं.

“देव?” धम्मपालनं विचारलं.

“गेले.”

“कुठं?”

“म्या इचारलं न्हाई. तू तुझं काम कर.”

त्यानं बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं जागा चकचकीत केली, कडं घासलं, नवा बोल्ट टाकून सतरा नंबरच्या पान्ह्यानं ताकद लावून आवळला. पंप दाबला. पाणी आलं आणि दुसरं काही झालं नाही. दिवा, पंखा, टीव्ही, डेक, जे दाबेल तेच चालायला लागलं. डेकमधल्या बाईनं सहा वर्षांत पहिल्यांदाच गाणं शेवटपर्यंत म्हटलं. तिचा आवाज चांगला होता.

काकासाहेब संध्याकाळी आले ते फेटा उतरवायच्या आधी गाडीत शिरले. सवयीनं हात जोडले, आणि हात तसेच राहिले.

“देव कुठाय?”

ओट्यापाशी शेंगा फुटत राहिल्या. गाडीच्या दाराबाहेर गोजरबाई उभ्या होत्या. त्या अशा वेळी असतातच.

सगुणाबाई शेंगांवरून मान वर न करता म्हणाल्या, “मी मागं होते. पुढं वायरमन काम करून राह्यला होता.”

धम्मपालनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. पलंगावर त्यांची बांधलेली पिशवी होती, तिच्यावर ती रिकामी बाटली. आत्ता बोललं तर एक वाक्य पुरेसं होतं. त्यांच्या नखांकडे बोट दाखवलं तरी चाललं असतं. पण मग उद्या गाडी निघाली नसती. नवरा-बायकोचं जे व्हायचं ते झालं असतं, आणि यावेळी भोंग्यांचीही गरज पडली नसती.

“काका,” तो म्हणाला, “देव कुठं हाय ते मला खरंच म्हाईत न्हाई. फॉल्ट इथं होता. निघाला.”

“तू काढलास?”

“फॉल्ट मी काढला.”

काकासाहेबांनी त्या नव्या बोल्टवर बोट फिरवलं. त्यांनी पंप दाबला. टीव्ही लावला. दिवा लावला. ब्रेकवर पाय ठेवून मागं वळून पाहिलं. तीस वर्षांत घाटात गाडी बंद पडल्यावर झाला नव्हता असा त्यांचा चेहरा झाला. रागवावं तर गाडी चालू. खूश व्हावं तर देव नाही. शेवटी ते खाली उतरले आणि दुसऱ्या दिवसासाठी आणलेला नारळ हातात घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुठं फोडावा ते सुचेना म्हणून. धम्मपालला त्या दिवशी त्यांनी रामराम घातला नाही.

सोमवारी पहाटे घरगाडी गेली. तिच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं कोणी पुसलं नव्हतं, ते तसंच कोकणात गेलं. गाडी फाट्यावर वळायच्या आत गोजरबाईंची कुजबुज गावात फिरून परत त्यांच्याच दारात आली, आणि येताना तिला चांदीचे डोळे आणि हत्यारांची पिशवी चिकटलेली होती.

धम्मपालकडे कामं आली. पूर्वीपेक्षा जास्तच आली. राधेश्यामचं नाव पुढं कोणी काढलं नाही. पण दोन घरांनी त्याला उंबऱ्याच्या आत बोलावणं बंद केलं. मोटार अंगणात आणून ठेवतात, आणि तो काम करत असला की घरातलं माणूस देव्हाऱ्याचं दार लोटून घेतं. ज्या नावाला तो बारा दिवस जपत होता ते टिकलं, आणि त्याला दुसरंच शेपूट लागलं.

“खरं काय ते सांगून का टाकत न्हाई?” अक्षतानं विचारलं. “मला तरी सांग. कोणी काढला?”

“मी चहा पिऊन राह्यलो होतो.”

“इतका वेळ?”

“दोन होते,” तो म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून त्यानं डोळे मिटले.

देव सगुणाबाईंनी खरवडला, ओट्यावरच्या उलथन्यानं. खाली अर्थिंगचा बोल्ट होता. शेंदराचे ढलपे त्यांनी परसातल्या विहिरीत टाकले. चांदीचे डोळे त्यांच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात आहेत.